‘वेस्टाचा तुकडा’ : एका प्रचलित विधानाची तपासणी

अशनींविषयीच्या लेखांत, पूरक वाचनाच्या पुस्तकांत आणि वस्तुसंग्रहालयांतल्या पाट्यांवर एक विधान आता नेमाने आढळते : ‘हा दगड वेस्टा या लघुग्रहाचा तुकडा आहे.’ त्यामागोमाग एक गोष्ट येते. वेस्टा जन्मानंतर लगेच वितळला. त्याला पृथ्वीप्रमाणे कवच, प्रावरण आणि लोखंडी गाभा मिळाला. पुढे त्याच्या दक्षिण ध्रुवावर प्रचंड आघात झाला, कवचाचे तुकडे अवकाशात उडाले आणि त्यांतले काही पृथ्वीवर पडले. २०११ साली ‘डॉन’ हे यान वेस्टापाशी पोहोचले आणि हे सारे सिद्ध झाले.

गोष्ट चांगली आहे, आणि बरीचशी खरीही असावी. आक्षेप आहे तो ती सांगण्याच्या पद्धतीवर. या गोष्टीत निदान पाच वेगवेगळी विधाने आहेत आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळा आहे. काही पुरावे भक्कम आहेत, काही कामचलाऊ आहेत, आणि एकाला तर २०२५ साली चांगलाच धक्का बसला आहे. ही सारी विधाने एका दमात आणि एकाच सुरात सांगितली, की विद्यार्थ्याला भक्कम काय आणि कच्चे काय हे कळत नाही. मग एक कच्चे विधान कोसळले की तो म्हणतो, ‘शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरे.’ हे टाळायचे असेल तर गोष्टीचे सांधे उघडून पाहायला हवेत.

हा प्रश्न महत्त्वाचा का, तेही पाहू. पृथ्वीबाहेरच्या कोणत्या गोलांचे दगड आपल्या हातात आहेत? चंद्राचे आहेत. मंगळावरून आलेल्या अशनी आहेत. इतोकावा, र्‍युगू आणि बेन्नू या तीन चिमुकल्या लघुग्रहांवरची माती यानांनी अनुक्रमे २०१०, २०२० आणि २०२३ साली पृथ्वीवर आणली. पण यांतला एकही लघुग्रह स्वतः वितळून कवच धारण केलेला नाही. लघुग्रहाच्या कवचाचा इतिहास ज्यांवरून वाचता येईल असे सर्वांत मोठे दगडभांडार म्हणजे तथाकथित ‘वेस्टाच्या’ अशनी. त्यांचे मूळ गाव चुकले, तर इतिहास खरा राहील, पण तो भलत्याच्याच नावावर मांडला जाईल.

(शब्दांविषयी एक सूचना. आकाशात क्षणभर चमकते ती उल्का. जळून न संपता जमिनीवर येऊन पडतो तो दगड म्हणजे अशनी. वर्गात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.)

दगड स्वतः काय सांगतो?

ज्या अशनींविषयी आपण बोलत आहोत त्या तीन प्रकारच्या आहेत : युक्राइट, डायोजेनाइट आणि हॉवर्डाइट. पडताना दिसलेल्या व नंतर सापडलेल्या अशनींपैकी शेकडा सुमारे सहा या कुटुंबातल्या असतात. हॉवर्डाइट हे नाव एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनतज्ज्ञाच्या स्मरणार्थ आहे. आकाशातून पडलेल्या दगडांचे रासायनिक पृथक्करण त्याने १८०२ साली प्रसिद्ध केले. १७९८ साली बनारसजवळ पडलेला दगडही त्यात होता.

भारतात या तिन्ही प्रकारच्या अशनी पडल्या आहेत. १८४३ साली खानदेशात मानेगाव येथे पडलेली अशनी डायोजेनाइट आहे. १८५० साली बंगालमध्ये शाल्का येथे पडलेलीही त्याच जातीची. राजस्थानात १९९४ साली लोहावट येथे हॉवर्डाइट पडला आणि १९९६ साली पाली जिल्ह्यात पिपलिया कलाँ येथे युक्राइट पडला.

युक्राइट समजून घ्यायला महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला फार लांब जावे लागत नाही. आपल्या पायाखालचा काळा कातळ, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, मुख्यतः पायरॉक्सिन आणि प्लॅजिओक्लेज या दोन खनिजांचा बनलेला असतो. युक्राइटही याच दोन खनिजांचा. म्हणजे तो थंड झालेला लाव्हाच. फरकही आहेत : युक्राइट अगदी कोरडा असतो, त्यात सोडियम फार कमी असते, आणि दख्खनचा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, तर युक्राइट सुमारे ४५६ कोटी वर्षांचा. आपल्याकडे डायनोसॉर होते तेव्हाच्या लाव्ह्याची तुलना आपण सूर्यमालेतल्या अगदी पहिल्या लाव्ह्यांशी करत आहोत.

डायोजेनाइट जवळजवळ सगळा पायरॉक्सिनचा असतो आणि त्याचे स्फटिक मोठे असतात. शिलारस सावकाश थंड झाला की स्फटिकांना वाढायला वेळ मिळतो, आणि सावकाश थंड होणे खोलवर घडते. म्हणून डायोजेनाइट हा कवचाच्या खालच्या भागातला दगड मानतात. हॉवर्डाइट म्हणजे या दोघांच्या चुर्‍याची आणि खड्यांची पुन्हा घट्ट झालेली मिसळ. त्यात सौरवाताचे वायू अडकलेले आढळतात. याचा अर्थ ही मिसळ कधीतरी उघड्या पृष्ठभागावर, सूर्यासमोर पडलेली होती. ती त्या गोलावरची माती आहे.

आणखी एक खूण. या दगडांत निकेल, कोबाल्ट यांसारखी लोखंडाच्या सोबतीने जाणारी मूलद्रव्ये फार कमी आहेत. मूळ द्रव्यात ती होती. मग गेली कुठे? वितळलेल्या अवस्थेत जड धातू वेगळा होऊन खाली बसला आणि जाताना ती घेऊन गेला, हे त्याचे सरळ उत्तर आहे.

आता तापवणारी आच कुठली? एवढ्याशा गोलाची स्वतःची उष्णता लवकर निघून जाते. इथे पिपलिया कलाँची अशनी उपयोगी पडली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांनी १९९९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की या दगडाचे स्फटिक तयार होत असताना त्यात अॅल्युमिनियम-२६ हे किरणोत्सारी समस्थानिक अजून शिल्लक होते. ते नष्ट होऊन त्याचे मॅग्नेशियम-२६ होते. प्लॅजिओक्लेजमध्ये अॅल्युमिनियम भरपूर आणि मॅग्नेशियम अत्यल्प असल्याने ही जादा भर तिथे ओळखता आली.

हे गणित फळ्यावर करण्याजोगे आहे. सूर्यमालेतले पहिले घन कण तयार झाले तेव्हा साध्या अॅल्युमिनियमच्या दहा लाख अणूंमागे अॅल्युमिनियम-२६ चे सुमारे ५० अणू होते. पिपलिया कलाँमध्ये हे प्रमाण सुमारे ०.७५ निघाले. ५० निम्मे करीत जा : २५, १२.५, ६.२५, ३.१२, १.५६, ०.७८. सहा वेळा. अर्धायुष्य सुमारे ७ लाख २० हजार वर्षे. म्हणजे साधारण ४३ लाख वर्षे. पन्नास लाख वर्षांच्या आतच त्या गोलावर लाव्हा थिजला होता. त्याला वितळवण्याइतकी आच ज्या इंधनात होती, त्या इंधनाचा अवशेष दगडातच सापडला.

बहुतेक युक्राइटांत थिजल्यानंतर पुन्हा बराच काळ तापल्याच्या खुणाही आहेत. एक थर थिजला, त्यावर दुसरा पसरला, खालचा दबला आणि भाजला, असे कवच थराथराने जाड होत गेल्याचे चित्र त्यावरून उभे राहते.

आता एक गोष्ट लक्षात घ्यावी. इथपर्यंत आपण वेस्टाचे नाव एकदाही घेतले नाही, आणि ते घ्यायची गरजही पडली नाही. कुठला तरी एक लहान गोल लवकर वितळला, त्याचा धातू वेगळा झाला, त्यावर बेसाल्टचे कवच आले, ते आघातांनी फुटून त्याची माती झाली. हा इतिहास दगडाच्या अंगावरच लिहिलेला आहे. संपूर्ण गोष्टीतला हा सर्वांत भक्कम भाग. आणि लोकप्रिय लेखांत नेमका हाच भाग दोन ओळींत उरकलेला असतो.

नाव कसे मिळाले?

वेस्टाचा शोध हाइनरिश ओल्बर्स याने २९ मार्च १८०७ रोजी लावला. सरासरी व्यास सुमारे ५२५ किलोमीटर. १९७० साली मॅकॉर्ड, अॅडम्स आणि जॉन्सन यांनी वेस्टाच्या परावर्तित प्रकाशाचा वर्णपट ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ०.९ मायक्रॉनच्या आसपास ठळक शोषणपट्टा होता. हा पट्टा पायरॉक्सिनचा. प्रयोगशाळेतल्या युक्राइटाच्या भुकटीचा वर्णपट त्याच्याशी चांगला जुळला.

हा शोधनिबंध मोठ्या योग्यतेचा आहे, यात शंका नाही. पण त्याने काय दाखवले? वेस्टाचा पृष्ठभाग आणि युक्राइट एकाच जातीचे आहेत, इतके. एकाच जातीचे असणे आणि एकाच घरचे असणे यांत फरक आहे. घाटातला आणि आइसलँडमधला बेसाल्ट वर्णपटात सारखे दिसतील. म्हणून घाटातला दगड आइसलँडहून आला असे कोणी म्हणणार नाही. ‘सारखा दिसतो’ पासून ‘तिथूनच आला’ इथपर्यंत जायला दुसरे पुरावे लागतात.

त्या काळच्या खगोलशास्त्रज्ञांनी हाच आक्षेप घेतला होता, आणि तोही यामिकीच्या अंगाने. वेस्टा सूर्यापासून सुमारे २.३६ खगोलीय एककांवर फिरतो. लघुग्रहांच्या पट्ट्यातला दगड पृथ्वीकडे वळायचा, तर त्याला आधी एखाद्या अनुनादाच्या जागी पोहोचावे लागते. २.५ एककांवरच्या दगडाच्या तीन प्रदक्षिणा होतात तेव्हा गुरूची एक होते. गुरूचे ओढणे वारंवार त्याच तालावर पडत राहते आणि दगडाची कक्षा लांबट होऊन आतल्या ग्रहांपर्यंत येते. झोक्याला वेळेवर दिलेल्या धक्क्यासारखेच हे. पट्ट्याच्या आतल्या कडेला शनीशी निगडित असा दुसरा अनुनाद आहे. वेस्टा या दोहोंपासून दूर आहे. मग तिथले दगड या दारांपर्यंत आले कसे? वीसेक वर्षे या प्रश्नाला चांगले उत्तर नव्हते, आणि म्हणून वेस्टाचे नाव घेताना सावधपणा पाळला जात असे.

१९९३ साली बिन्झेल आणि शू यांनी साधारण दहा किलोमीटर किंवा त्याहून लहान असे वीस लघुग्रह दाखवले. त्यांचे वर्णपट वेस्टासारखे होते, आणि ते वेस्टाच्या जवळपासून थेट २.५ एककांच्या अनुनादापर्यंत पसरलेले होते. नदीत वाहत आलेला दगड वरच्या कोणत्या डोंगराचा, हे ओळखायला वाटेत ठिकठिकाणी पडलेले तसेच दगड शोधावे लागतात. हे तसेच झाले. १९९६ साली हबल दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रांतून वेस्टाच्या दक्षिण ध्रुवाजवळ सुमारे ४६० किलोमीटर व्यासाचे विवर असल्याचे दिसून आले. तुकडे निघाले कुठून, त्याची जागाही मिळाली.

या कामाची खरी गोडी आक्षेपात आहे. आक्षेप होता, तो नेमका होता, आणि त्याला नेमके उत्तर मिळाले. लोकप्रिय लेखांतून आक्षेपच वगळला जातो, त्यामुळे उत्तराचे मोलही कळत नाही.

‘डॉन’ने काय सिद्ध केले?

‘डॉन’ हे यान १६ जुलै २०११ रोजी वेस्टाभोवतीच्या कक्षेत शिरले आणि ५ सप्टेंबर २०१२ रोजी तिथून सेरेसकडे निघाले. त्याच्यावर कॅमेरे होते, वर्णपटमापक होता, आणि गॅमा किरण व न्यूट्रॉन मोजणारे उपकरण होते. दगड उचलणारे काहीही नव्हते. यान वेस्टावर उतरलेही नाही.

‘डॉनने सिद्ध केले’ असे म्हणणार्‍यांनी इथे थांबावे. वर्णपट पृष्ठभागाच्या अगदी वरच्या पापुद्र्याचा मिळतो. त्याचा अर्थ लावताना तुलना कोणाशी केली? प्रयोगशाळेतल्या याच अशनींशी. म्हणजे ‘इथे युक्राइट आहे, तिथे डायोजेनाइट आहे’ असा वेस्टाचा जो रंगीत नकाशा छापला जातो, त्याची भाषाच अशनींकडून उसनी घेतलेली आहे. पुढे तोच नकाशा ‘अशनी वेस्टाच्या आहेत’ याचा स्वतंत्र पुरावा म्हणून मांडला, तर युक्तिवाद गोल फिरतो.

पण टीका न्याय्य हवी. नकाशा गोल फिरत असला तरी ‘डॉन’च्या सगळ्याच नोंदी तशा नाहीत. तीन नोंदी आधीच्या अपेक्षा पारखून पाहणार्‍या होत्या आणि तिन्ही उतरल्या. पहिली : गॅमा किरण व न्यूट्रॉन यांवरून काढलेली लोह-ऑक्सिजन आणि लोह-सिलिकॉन यांची प्रमाणे. ही रीत वर्णपटाहून अगदी वेगळी आहे, आणि प्रमाणे या अशनींशी जुळली. दुसरी : डायोजेनाइट खोल कवचातला दगड असेल तर तो सर्वांत खोल खड्ड्यात उघडा पडलेला दिसावा. दक्षिण ध्रुवावरच्या र्‍हीअसिल्व्हिया या सुमारे ५०० किलोमीटरच्या विवरात तो तसा दिसला. तिसरी, आमच्या मते सर्वांत बोलकी : हॉवर्डाइटांमध्ये कार्बनयुक्त अशनींचे काळे खडे मिळतात, हे ‘डॉन’ निघण्याच्या कितीतरी आधी माहीत होते. वेस्टावर काळ्या द्रव्याचे पट्टे आणि त्याबरोबर हायड्रोजन आढळला. पाहुणे दगड मातीत मिसळलेले आहेत. अशनीतही आणि वेस्टावरही.

एवढ्यावर संबंध ‘फार संभाव्य’ ठरतो. ‘सिद्ध’ म्हणायला काय कमी पडते? ऑक्सिजन. ऑक्सिजनच्या तीन समस्थानिकांचे परस्पर प्रमाण हे एखाद्या गोलाच्या गोत्रासारखे असते. ग्रीनवुड व सहकार्‍यांनी २००५ साली दाखवले, की या कुटुंबातल्या बहुसंख्य अशनींत हे प्रमाण आश्चर्य वाटावे इतके एकसारखे आहे. म्हणजे त्यांचा मूळ गोल मोठ्या प्रमाणावर वितळून ढवळला गेला असावा. अशनी आपापसांत एका घरच्या, हे त्यावरून ठरले. पण वेस्टाचा स्वतःचा ऑक्सिजन कोणी मोजलेला नाही. कक्षेतून तो मोजता येत नाही. ज्याच्या घरचे म्हणायचे, त्याचेच गोत्र तपासायचे राहिले आहे.

गोत्र तपासणे किती आवश्यक आहे, हे अपवादांनी दाखवून दिले. १९५७ साली ब्राझीलमध्ये पडलेली इबितिरा ही अशनी दिसायला युक्राइट. दख्खनच्या काही कातळांत जशी वायूच्या बुडबुड्यांची भोके असतात तशीच तिच्यातही आहेत. पण तिचा ऑक्सिजन वेगळा निघाला. २००७ साली ऑस्ट्रेलियात कॅमेर्‍यांच्या जाळ्याने जिचा मार्ग टिपला ती बन्बरा रॉकहोल ही अशनीही बेसाल्टचीच, आणि तिचाही ऑक्सिजन वेगळा. शिवाय मॅग्निया नावाचा लघुग्रह सूर्यापासून ३.१५ एककांच्या आसपास, वेस्टापासून फार लांब फिरतो. २००० साली त्याचा पृष्ठभाग बेसाल्टचा असल्याचे जाहीर झाले. तेव्हा बेसाल्टचे कवच धारण करणारा वेस्टा हा एकटा नव्हता. ‘बेसाल्टची अशनी म्हणजे वेस्टा’ हे समीकरण सरळसरळ चुकीचे आहे.

एक ठाम विरोधी आवाजही नोंदवायला हवा. जॉन वॉसन यांनी २०१३ साली लिहिले, की या अशनी बहुधा वेस्टाच्या नाहीतच. लोखंडी अशनींच्या एका मोठ्या गटातला ऑक्सिजन यांच्याशी मिळताजुळता आहे. ते लोखंड याच गोलाच्या गाभ्यातले असेल, तर तो गोल गाभ्यापर्यंत फुटलेला असला पाहिजे. आणि वेस्टा तर अखंड आहे. बहुसंख्य तज्ज्ञांनी हे मत स्वीकारलेले नाही. पण त्याचा उल्लेखही न करता ‘सर्वमान्य’ हा शब्द वापरणे बरोबर नाही.

कवचाच्या गोष्टीतले तीन अडसर

वेस्टा हेच मूळ गाव, असे धरून पुढे जाऊ. मग अशनींवरून वाचलेला इतिहास आणि वेस्टावर दिसलेला भूगोल एकमेकांशी जुळायला हवेत. तीन ठिकाणी ते नीट जुळत नाहीत.

पहिला अडसर ऑलिव्हिनचा. कवचाखालच्या प्रावरणात ऑलिव्हिन हे हिरवट खनिज भरपूर असावे, अशी अपेक्षा होती. र्‍हीअसिल्व्हिया ज्या जुन्या विवरावर पडले आहे, त्या व्हेनेनियाचा व्यास सुमारे ४०० किलोमीटर. दोन आघातांनी मिळून ६० ते १०० किलोमीटर खोलीचे द्रव्य वर आले असावे, असे संगणकी प्रतिमाने सांगतात. तेव्हा दक्षिणेकडे ऑलिव्हिन मुबलक दिसायला हवे होते. ते तिथे दिसले नाही. २०१३ साली ते आढळले ते उत्तर गोलार्धात, बेलिसिया आणि अरुंशिया या दोन विवरांपाशी. तेही बाहेरून आलेल्या दगडांचे असावे असे पुढे काहींनी सुचवले. २०१४ साली ‘नेचर’मधल्या एका निबंधाने कवचाची तळरेषा ८० किलोमीटरपेक्षा खोल असल्याचा निष्कर्ष काढला. अशनींच्या रसायनावरून बांधलेल्या प्रतिमानांना एवढे जाड कवच झेपत नाही.

दुसरा अडसर वयाचा. ‘डॉन’च्या गटाने विवरांच्या मोजणीवरून र्‍हीअसिल्व्हियाचे वय सुमारे १०० कोटी वर्षे ठरवले. पण अनेक युक्राइटांतली आर्गॉनची घड्याळे ३५० ते ४१० कोटी वर्षांपूर्वी आघातांच्या उष्णतेने पुन्हा शून्यावर आलेली दिसतात. १०० कोटींची तशी ठळक नोंद नाही. २०१४ साली दुसर्‍या एका गटाने वेगळी मोजपद्धत वापरून याच विवराचे वय साधारण ३५० कोटी काढले. विवर एकच आणि वयात साडेतीन पट अंतर! तुकडे उडवणारा आघात दगडाला फारसा तापवत नाही, खाली पुरून राहिलेला दगडच तापतो, असा खुलासा पहिल्या गटाच्या बाजूने करता येतो. वाद मिटलेला नाही. म्हणून ‘१०० कोटी वर्षांपूर्वी’ हे शब्द विद्यार्थ्यांना पाठ करायला देऊ नयेत.

इथे आणखी एक घोटाळा टाळावा. तुकडा वेस्टावरून सुटला तो काळ आणि पृथ्वीकडे मोकळा निघाला तो काळ, हे वेगळे असू शकतात. वैश्विक किरणांचा मारा किती वर्षे बसला हे अशनीत मोजता येते. २०१५ साली तुर्कस्तानात सारिचिचेक येथे पडलेल्या हॉवर्डाइटात ही मुदत सुमारे २ कोटी २० लाख वर्षे निघाली, आणि या कुटुंबातल्या इतर अनेक अशनींतही तोच आकडा येतो. त्या अशनीच्या अभ्यासकांनी तिचे मूळ र्‍हीअसिल्व्हियाच्या आतल्या अँटोनिया या छोट्या, तरुण विवराशी जोडले आहे. म्हणजे प्रत्येक तुकडा त्या एकाच महाआघाताचा असला पाहिजे, असे नाही.

तिसरा अडसर गाभ्याचा, आणि तो सर्वांत गंभीर. २०१२ साली गुरुत्वमापनावरून वेस्टाला सुमारे ११० किलोमीटर त्रिज्येचा गाभा असल्याचे जाहीर झाले. त्या हिशेबात गाभ्याची घनता लोखंडी अशनींइतकी आधीच धरलेली होती, ही गोष्ट लोकप्रिय लेखांतून गळाली. त्याच वर्षी अंटार्क्टिकात मिळालेल्या एका युक्राइटात ३६९ कोटी वर्षांपूर्वीच्या चुंबकत्वाची नोंद सापडली. तिच्यावरून वेस्टात एके काळी द्रव लोखंडाचा गाभा फिरत असावा, असा तर्क मांडला गेला. चित्र पूर्ण झाल्यासारखे वाटले.

२०२५ साली रायन पार्क व सहकार्‍यांनी ‘डॉन’चीच जुनी मापने नव्या पद्धतीने तपासून वेस्टाची ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’ काढली. ही राशी वस्तुमान अक्षापासून कसे वाटले आहे ते सांगते. वर्गात हे सहज दाखवता येते : सारख्या आकाराचा आणि सारख्या वजनाचा एक भरीव दंडगोल आणि एक पोकळ नळकांडे उतारावरून एकदम सोडा, भरीव पुढे जाईल. ज्या गोलाचे वजन मध्यभागी एकवटलेले, त्याची ही राशी लहान. वेस्टाची राशी अपेक्षेपेक्षा मोठी निघाली. म्हणजे कवचाखाली घनतेत फारसा फरक नाही. गाभा असलाच तर फार लहान. त्यांनी दोन शक्यता मांडल्या : एक तर वेस्टा वितळायला लागला आणि काम अर्धवट राहिले; नाही तर वेस्टा हा मोठ्या ग्रहाच्या टकरीतून उडालेल्या मलब्याचा गोळा आहे.

आता पेच लक्षात येतो. अशनी म्हणतात : मूळ गोलातला धातू वेगळा होऊन खाली बसला. वेस्टा म्हणतो : माझ्या पोटात तेवढा धातू नाही. दोघेही खरे बोलत असतील तर दोघांचे नाते बदलावे लागेल. वेस्टा हा त्या मूळ गोलाचे एक लेकरू असेल, आणि कवचाचा आरंभीचा इतिहास वेस्टाचा नसून त्याच्या हरवलेल्या जन्मदात्याचा असेल.

मग सांगावे काय?

आमचा निवाडा असा. दगडांनी सांगितलेला इतिहास, म्हणजे लवकर वितळणे, धातू वेगळा होणे, बेसाल्टचे कवच, त्याचे भाजणे आणि चुरा होणे, हा भक्कम आहे. तो निःशंकपणे शिकवावा. बहुसंख्य अशनी एकाच गोलाच्या, हेही ऑक्सिजनमुळे भक्कम आहे. त्या वेस्टावरून आल्या, हे फार संभाव्य आहे. कारण वर्णपट, वाट, विवर, मूलद्रव्यांची प्रमाणे आणि काळे खडे असे पाच वेगवेगळे साक्षीदार एकच बोट दाखवतात. पण अमुक विवरातून अमुक वेळी निघाल्या, हे अजून वादात आहे. आणि कांद्यासारख्या पापुद्र्यांचा, मधोमध मोठा लोखंडी गाभा असलेला वेस्टा ही आकृती पुस्तकात तशीच छापत राहणे २०२५ नंतर योग्य नाही.

दहावीच्या पुढच्या वर्गांत याचा एक चांगला तास होऊ शकतो. फळ्यावर तीन रकाने आखावेत : विधान, पुरावा, आणि ‘काय आढळले तर हे विधान मागे घ्यावे लागेल?’ वरची पाच विधाने मुलांनीच भरावीत. तिसरा रकाना भरताना खरी चर्चा होते. ‘अशनी वेस्टाच्या आहेत’ या विधानापुढे मुले बहुधा लिहितील : वेस्टावरचा दगड आणला आणि त्याचा ऑक्सिजन वेगळा निघाला तर. तशी मोहीम अजून झालेली नाही. म्हणून आज ‘बहुधा’ हा शब्द त्या वाक्यात ठेवलाच पाहिजे.

मानेगावला १८४३ साली पडलेल्या दगडाविषयी विद्यार्थ्याला सांगताना म्हणावे : हा एका लहान गोलाच्या कवचात खोलवर, अगदी सावकाश थंड झालेला दगड आहे. तो गोल बहुधा वेस्टा, किंवा वेस्टा ज्यापासून झाला तो. विद्यार्थ्याने लगेच ‘कशावरून?’ असे विचारले, तर पुढचे सर्व सांगायला जागा मिळते.